कोण कुठे झोपतं हे माहीत असलेलं गाव: आपत्कालीन आराखडा, सोप्या भाषेत

१७ जानेवारी १९९५, पहाटेचे ५ वाजून ४६ मिनिटं. जपानमध्ये कोबेजवळ भूकंप झाला आणि ६,४०० हून अधिक माणसं गेली. आडवे झालेले रस्ते आणि पेटलेल्या वस्त्या कोबेतल्या, म्हणून जगाला नाव कळलं ते कोबेचं. जमिनीला पडलेली भेग मात्र समोरच्या आवाजी बेटावर होती आणि तिथेच होकुदान नावाचं एक लहान गाव होतं. तिथे सुमारे ३०० जण कोसळलेल्या घरांखाली गाडले गेले. ३९ जण दगावले. पण त्याच दिवशी शोध संपला होता. बेपत्ता म्हणून एकही नाव उरलं नव्हतं.

हे कसं जमलं? ढिगारे उपसले ते मुख्यतः शेजाऱ्यांनी आणि गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाने. म्हणजे एरवी आपापला कामधंदा करणाऱ्या आणि घंटा वाजली की धावून येणाऱ्या लोकांनी. कोणत्या घरात किती माणसं आहेत आणि म्हातारी आजी कोणत्या खोलीत झोपते हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे कुठे खणायचं हे कोणाला विचारावं लागलं नाही.

प्रत्येक पुरानंतर, वणव्यानंतर, दरड कोसळल्यानंतर बातम्यांमध्ये एक शब्द हमखास येतो: आपत्कालीन आराखडा. तो ‘तयार होता’ किंवा ‘नव्हता’, एवढंच आपल्याला कळतं. तो असतो काय, कोण करतं, आणि पाच-दहा हजार वस्तीच्या गावाला त्याची खरंच गरज असते का, हे कोणी नीट सांगत नाही. म्हणून हा प्रपंच.

आराखडा म्हणजे आधीच घेऊन ठेवलेले निर्णय

घरात मध्यरात्री कोणाच्या तरी छातीत दुखायला लागलं असं समजा. एका घरात औषधांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत असतात, कोणत्या दवाखान्यात जायचं ते ठरलेलं असतं, लहान मुलांजवळ शेजारच्या काकू येऊन थांबणार हे काकूंनाही माहीत असतं. दुसऱ्या घरात गाडीची किल्ली सापडत नाही. दोन्ही घरांत माणसं तितकीच प्रेमळ आहेत. पहिल्या घरातले काही निर्णय निवांत दुपारी घेतलेले होते, इतकाच फरक.

गावाच्या आराखड्यातही तेच असतं. इथे काय काय होऊ शकतं, झालं तर हुकूम कोणाचा, निरोप लोकांपर्यंत कसा जाणार, लोक कुठे जाणार आणि ज्यांना स्वतःहून जाता येत नाही त्यांना कोण नेणार. या प्रश्नांची उत्तरं ज्यात आहेत तो आराखडा, मग तो चार पानांचा का असेना. दोनशे पानं लिहूनही ही उत्तरं सापडत नसतील तर ती नुसती रद्दी. आणि अशी जाडजूड रद्दी बऱ्याच कपाटांत असते, कारण ती दुसऱ्याच कुठल्यातरी गावाच्या आराखड्यात नाव बदलून तयार झालेली असते.

धोका आणि जोखीम: एकदाच समजून घेऊ

या विषयातले दोन शब्द सतत एकमेकांच्या जागी वापरले जातात. स्वयंपाकघरातली सुरी हा धोका. तीच सुरी रांगत्या बाळाच्या हाताला लागेल अशी ठेवली तर ती जोखीम. नदी हा धोका आहे. नदीच्या पात्रालगत वृद्धाश्रम असेल, तर ती जोखीम झाली. धोका बहुधा हटवता येत नाही, जोखीम कमी करता येते.

म्हणून पहिलं काम नकाशा घेऊन बसण्याचं. पूर कुठवर आला होता हे जुन्या माणसांना विचारायचं, उतार कुठे खचतो ते बघायचं, बाहेर पडायचे रस्ते किती आणि त्यातले किती एकाच पुलावरून जातात ते मोजायचं. हे बहुतेक गावं करतात. राहून जातं ते आपल्या हद्दीतून नुसतं ‘जाणारं’ संकट.

कॅनडातलं लाक-मेगांतिक हे जेमतेम ६,००० वस्तीचं गाव. ६ जुलै २०१३ च्या रात्री गावाबाहेरच्या चढावर उभी करून ठेवलेली खनिज तेलाची मालगाडी चालकाविना घरंगळत आली आणि भर वस्तीत रुळांवरून घसरली. स्फोट आणि आगीत ४७ जण गेले. रुळांवरून नेमकं काय वाहून नेलं जातं हे गावांना कळवण्याची सक्ती तोवर नव्हती. रेल्वे कंपन्यांनी ती माहिती नगरपालिकांना द्यावी असा आदेश कॅनडा सरकारने त्यानंतर काढला. आपल्या गावातून कोणते टँकर जातात, शीतगृहात कोणता वायू आहे, वरच्या अंगाला कोणतं धरण आहे, हे विचारणं म्हणजे भोचकपणा नव्हे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने कारखान्यांशेजारच्या वस्त्यांसाठी जी पद्धत आखली, तिचा गाभाच हा होता: कुंपणापलीकडे काय साठवलं आहे ते अलीकडच्यांना माहीत हवं.

यादी लांबली म्हणून घाबरायचं कारण नाही. पूर असो की वायुगळती, करायची कामं बव्हंशी तीच असतात: सावध करणं, हलवणं, निवारा देणं, मोजणं, उपचार करणं. त्यामुळे आराखडा एकच लागतो, आणि प्रत्येक धोक्यासाठी त्याला एखाद्या पानाची जोड. वाऱ्याची दिशा वायुगळतीत महत्त्वाची, पुरात नाही, असले फरक त्या जोडपानावर.

झेल कोणाचा?

उंच उडालेला चेंडू दोघा क्षेत्ररक्षकांच्या मधोमध येतो. दोघेही चांगले, दोघेही धावतात, शेवटच्या क्षणी दोघेही थांबतात. चेंडू जमिनीवर. आपत्तीत हे रोज घडतं, कारण पोलीस, अग्निशमन, आरोग्य, वीज, नगरपालिका असे पाच-सहा जण एकाच मैदानात असतात.

१९७० साली दक्षिण कॅलिफोर्नियात मोठे वणवे लागले तेव्हा वेगवेगळ्या यंत्रणांना एकमेकांचे रेडिओ ऐकू येत नव्हते आणि एकाच वस्तूला प्रत्येकाचा शब्द वेगळा होता. त्यातून घटना नियंत्रण पद्धत नावाची व्यवस्था निघाली आणि आज ती अनेक देशांत वापरली जाते. नाव भारदस्त आहे, नियम साधे आहेत. घटनास्थळी एका वेळी प्रमुख एकच. एका माणसाच्या हाताखाली थेट पाचेक जण, सातापेक्षा जास्त नाहीत. सांकेतिक भाषा बंद, सगळ्यांना कळेल असं बोला. आणि पद माणसाला चिकटलेलं नाही: जो प्रथम पोचला तो प्रमुख, अधिक जाणकार आला की त्याच्याकडे सूत्रं रीतसर सोपवायची.

लहान गावाने यात एक भर घालावी. प्रत्येक जबाबदारीपुढे तीन नावं लिहावीत. पहिला परगावी असेल, दुसऱ्याचंच घर पाण्यात असेल. लहान गावात मदत करणारे आणि संकटात सापडलेले अशी वेगळी माणसं नसतात.

यापेक्षाही कळीचा मुद्दा आहे ‘केव्हा’ ठरवण्याचा. समोर पाणी चढतंय आणि अधिकारी विचार करतोय: आत्ताच गाव हलवलं आणि पाणी उतरलं, तर लोक हसतील. या विचारात तास जातो. त्यावर उपाय म्हणजे आधीच आखलेली रेषा. पुलाच्या खांबावर अमुक खुणेला पाणी लागलं की खालची वस्ती हलवायची, चर्चा नाही. आपण रात्री गजर लावतो तो याचसाठी. पहाटे अंथरुणात पडलेल्या स्वतःवर आपला भरवसा नसतो, म्हणून निर्णय आदल्या रात्रीच्या शहाण्या माणसाकडे सोपवलेला असतो.

निरोप पोचला का, आणि पटला का?

कॅलिफोर्नियातल्या पॅरडाइझ गावाची गोष्ट आराखड्यांवर विश्वास असलेल्या प्रत्येकाने वाचावी. सुमारे २६,००० वस्तीच्या या गावाने वणव्याची तयारी केलेली होती. गावाचे विभाग पाडलेले, विभागवार बाहेर काढायचं ठरलेलं, गर्दीच्या वेळी मुख्य रस्ता एकेरी करायचा सराव २०१६ मध्ये झालेला. ८ नोव्हेंबर २०१८ ला वणवा आला तो सगळं गाव जवळजवळ एकाच वेळी गिळत. विभागवार सोडण्याइतकी उसंतच मिळाली नाही. रस्ते तुंबले. सूचना देणाऱ्या यंत्रणेत बऱ्याच लोकांनी फोन नंबर नोंदवलेलेच नव्हते, आणि काही विभागांना इशारा मिळालाच नाही. त्या वणव्यात ८५ जण गेले. त्यांतले बहुसंख्य साठी-पासष्टीच्या पुढचे होते.

तयारी फुकट गेली असं मी म्हणणार नाही. हजारो लोक बाहेर पडले ते त्या तयारीमुळेही. पण आराखड्याने मनाशी धरलेली आग लहान आणि हळू होती. बाहेर पडणं अशक्य झालं तर काय, याचं उत्तर प्रत्येक आराखड्यात हवं. पॅरडाइझमध्ये अडकलेल्या कित्येकांना मोकळ्या, डांबरी वाहनतळांवर थांबवून वाचवावं लागलं.

निरोपाबद्दल आणखी एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे: खरं सांगितलं तर लोक सैरावैरा पळतील. समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारांटेली यांनी अमेरिकेत १९६३ साली आपत्ती संशोधन केंद्र उभारण्यात पुढाकार घेतला आणि पुढची कित्येक दशकं याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. त्यांना आढळलं ते उलटंच. चेंगराचेंगरीसारखी घबराट दुर्मीळ असते. लोक इशारा ऐकून पळत सुटत नाहीत, थांबतात. खिडकीतून बघतात, शेजाऱ्याला विचारतात, मुलाला फोन लावतात. खात्री पटेपर्यंत हलत नाहीत आणि त्यातच मोलाचा वेळ जातो. (पावसाचा लाल इशारा आला की आपण प्रथम काय करतो, ते आठवून बघा.)

म्हणून एकच निरोप दोन-तीन वाटांनी जायला हवा: मोबाइलवर, भोंग्यावर, आणि दारावर थाप मारून. त्यात कोण बोलतंय, काय झालंय, कोणत्या गल्लीने निघायचं, कुठे जायचं आणि किती वाजेपर्यंत, हे सगळं हवं. ‘नागरिकांनी सतर्क राहावे’ या वाक्यात यातलं काहीच नसतं. असं सतर्क राहून माणसाने नेमकं करायचं काय?

उलट दिशेचा निरोप तर विसरलाच जातो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एका एसटी चालकामुळे. नेहमीच्या फेरीवर आला, तर गावाच्या जागी चिखल. मोबाइलच्या मनोऱ्यांची बॅटरी वीज गेल्यावर काही तासच चालते. तेव्हा गावातून बाहेर हाक मारायची एक बिनमोबाइलची वाट हवीच: हौशी रेडिओवाला, पोलिसांचा बिनतारी संच, किंवा वीज-फोन दोन्ही गेले की शेजारच्या गावाला न विचारता निघणारा मोटरसायकलस्वार.

निवारा: इथे गणित करावंच लागतं

‘लोकांची सोय शाळेत केली जाईल’ असं एक वाक्य बहुतेक आराखड्यांत असतं. त्याची बेरीज करून बघू. मदतकार्य करणाऱ्या संस्थांनी १९९७ पासून ‘स्फिअर’ या नावाने किमान निकष ठरवले आहेत. माणशी साडेतीन चौरस मीटर छत, दिवसाला १५ लिटर पाणी, आणि सुरुवातीला ५० जणांमागे एक शौचालय, पुढे लवकरात लवकर २० जणांमागे एक.

चारशे माणसं धरली तर १,४०० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे बास्केटबॉलची तीन मैदानं भरून वर थोडी. पाणी रोज ६,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर दीड दिवसातच आटोपतो. शौचालयं पहिल्याच दिवशी आठ, नंतर वीस. आता त्या शाळेत किती आहेत ते मोजा. आणि शाळेची किल्ली सुट्टीत कोणाकडे असते, तेही विचारा.

गुरं आणि पाळीव प्राणी हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. जनावर मागे सोडून यायला माणसं तयार होत नाहीत, किंवा येतात आणि त्याच्यासाठी परत जातात. २००५ च्या कतरिना वादळात हे इतकं घडलं की पुढच्या वर्षी अमेरिकेने घरगुती प्राण्यांचा विचार आराखड्यात करायचा कायदाच केला. बांगलादेशात तर वादळी लाटेपासून गुरं वाचवण्यासाठी मातीचे उंच टेकाड रचतात.

साधनं कमी म्हणून हातपाय गाळायचीही गरज नाही. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हा कॅनडातल्या गँडर या सुमारे १०,००० वस्तीच्या गावात ३८ विमानं उतरली आणि साडेसहा हजारांहून अधिक पाहुणे. शाळांच्या बसचे चालक संपावर होते, ते संप बाजूला ठेवून आले. अन्न टिकवायला शीतगृह पुरेना, तर बर्फावरच्या हॉकीचं बंदिस्त मैदान फ्रिज म्हणून वापरलं. आपल्या गावात ट्रॅक्टर, जनरेटर, होडी, लाकूड कापायचं यंत्र, मोठी पातेली कोणाकडे आहेत, निवृत्त परिचारिका कोण, गवंडी कोण, ही यादी करायला पैसे लागत नाहीत. एखादा रविवार लागतो.

“पण एवढ्याशा गावाला हे कशाला? सरकार आहे की”

सरकार येईल. प्रश्न केव्हा, हा आहे. रस्ता तुटलेला असतो, आणि तेच पथक आणखी दहा गावांना हवं असतं. कोबेच्या भूकंपात ढिगाऱ्याखालून बाहेर काढलेल्या लोकांपैकी चारांतल्या तिघांना घरच्यांनी किंवा शेजाऱ्यांनी काढलं असा अंदाज आहे, आणि कोबे हे तर सगळ्या सोयींनी सज्ज महानगर होतं. लहान गावाला वेळही कमी मिळतो. कॅनडातल्या लिटन या शेकड्यांतच लोकसंख्या असलेल्या गावात २९ जून २०२१ ला पारा ४९.६ अंशांवर गेला आणि दुसऱ्या संध्याकाळी आग लागली. लोकांच्या हातात मिनिटं होती. गावाचा बहुतांश भाग जळाला.

गाव लहान असण्याचा फायदाही आहे. महानगराला लाखो खर्चून जी माहिती गोळा करावी लागते, ती इथे कट्ट्यावर बसल्या बसल्या मिळते.

“अमक्या घरात अपंग माणूस आहे, ही यादी करायची म्हणजे खासगी गोष्टींत नाक खुपसणं नाही का?”

आक्षेप रास्त आहे. एकटी राहणारी वृद्ध बाई कोणत्या घरात आहे हे चोरालाही हवंच असतं. म्हणून संपूर्ण गावाची यादी एका जागी, त्यातही व्हॉट्सअॅपवर, अजिबात नको. दहा-पंधरा घरांमागे एक जबाबदार शेजारी, त्याच्याकडे फक्त तेवढ्याच घरांची नोंद, आणि तीही त्या कुटुंबाने स्वखुशीने दिलेली. आजाराचं नाव लिहायचं कारण नाही. ‘जिना उतरता येत नाही’, ‘ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं’, ‘ऐकू येत नाही, दार ढकलून आत यावं’ एवढं पुरे. १९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक बळी घेतले. त्यांत बंद दारामागे एकट्या असलेल्या म्हाताऱ्यांची संख्या मोठी होती. त्यांच्याकडे कोणी डोकावलं नव्हतं.

सराव सोयीचा केला की तो घात करतो

जपानमधल्याच कामाइशी शहराच्या उनोसुमाई भागात एक दुमजली आपत्ती निवारण केंद्र होतं. त्सुनामीत पळून जाण्यासाठी नेमलेली जागा ती नव्हती. नेमलेली जागा वर चढावर होती. पण सरावाला वर चढायचा वृद्धांना त्रास, लोक कमी येतात, म्हणून सराव खालच्या या केंद्रातच होऊ लागले. ११ मार्च २०११ ला खरी लाट आली तेव्हा लोक पाय नेतील तिथे गेले, म्हणजे त्या केंद्रात. पाणी दुसऱ्या मजल्यात शिरलं. तिथे १६० च्या आसपास माणसं गेली असावीत असा अंदाज आहे.

त्याच दुपारी, त्याच भागातल्या शाळांची सुमारे ५७० मुलं वाचली. गुन्मा विद्यापीठाचे तोशिताका कातादा यांनी तिथे काही वर्षं शिकवणी घेतलेली होती, आणि त्यांचा पहिला धडा होता: नकाशावर विश्वास ठेवू नका. नकाशात त्या शाळा सुरक्षित भागात होत्या. तरी मोठी मुलं धावत सुटली, त्यांना पाहून धाकटी निघाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर मागचा कडा ढासळताना दिसला, तेव्हा ती आणखी वर गेली, आणि मग आणखी वर.

सराव करायचाच तर तो जरा गैरसोयीचा करावा. रविवारी सकाळी दहाला, पाहुणे बोलावून, फोटो काढून केलेल्या सरावात सगळं सुरळीत पार पडतं आणि कोणी काही शिकत नाही. एखाद्या संध्याकाळी अंधार पडल्यावर, प्रमुखाला मुद्दाम ‘तुम्ही आज परगावी आहात’ असं सांगून, एकाच गल्लीपुरता करा. फोन वापरायचे नाहीत. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला खरोखर उचलून खरोखर त्या चढावर न्या आणि घड्याळ लावा. किती दारं ठोठावली, किती उघडली, किती किल्ल्या मिळाल्या नाहीत ते लिहून काढा. न उघडलेल्या दारांपाशी दुसऱ्या दिवशी उजेडात परत जा, आणि आत कोण राहतं ते विचारा.